पाचव्या चौकटीतल्या शिवल्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. गॅसचं सिलिंडर आलं की मी सील दोनदा बघते आणि आणणाऱ्याचं तोंड तिसऱ्यांदा. खाडीतला चिखल तपासायची नोकरी मिळाली तेव्हा घरचे म्हणाले, बरं झालं, आता चिखलावर संशय घेईल, आम्हाला तरी सोडेल.

भांडुपच्या मागे, तिवरांच्या पलीकडे, फ्लेमिंगोंसाठी राखलेली खाडी आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिथल्या चिखलात आमच्या पाच चौकटी होत्या. चौकट म्हणजे चार कोपऱ्यांना चार बांबूच्या काठ्या, बस्स. दर महिन्याला प्रत्येकीतला चिखल चाळायचा, जिवंत शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा आणि शिवल्या परत सोडायच्या. चार चौकटींत त्या कमी होत होत संपल्या. तिथला चिखल काळा, पातळ झाला होता. पाय गुडघ्यापर्यंत जायचा. पाचवी मात्र भरलेली. ती आमच्या कोळीवाड्यासमोरची, जिथे माझी आत्या जन्मभर हाताने शिवल्या वेचत आली. हे मोजणीचं काम चालवणाऱ्या आमच्या मॅडम खूश झाल्या आणि मी त्यांच्याहून जास्त.

मग एका ओहोटीला त्या चौकटीभोवती ताजी पावलं दिसली. अनवाणी, डावा अंगठा बाहेर वळलेला. हे पाऊल मी लहानपणापासून ओळखते.

"आत्या, माझ्या चौकटीतल्या शिवल्या घेतेस ना तू?" बाजारात जाऊन मी थेट विचारलं.

"मी? तुज्या शिवल्या? येडी झालीस का गं?" ती हसली, पण मान वर न करता मासे कापत राहिली. तिथेच माझी खात्री पटली. महिनाभर मी तिच्या घरी जेवले नाही. चोरीचं कालवण कशाला खायचं, असंही मनात आलं. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या मोजणीला मॅडमच्या दोन तास आधीच मी तिवरांत जाऊन बसले. डासांनी फोडून काढलं. पाणी उतरलं तशी आत्या आली, डोक्यावर पाटी. चौकटीपाशी उकिडवी बसली. तिचा हात पाटीतून चिखलात जात होता. चिखलातून पाटीत नव्हे, पाटीतून चिखलात.

मी चिखल तुडवत गेले. पाटीत बाजारातल्या, दुसऱ्या खाडीतून येणाऱ्या पांढुरक्या, स्वच्छ शिवल्या. ह्याच शिवल्यांपुढे मी वहीत "निरोगी" असं लिहिलं होतं! सगळ्या जगावर संशय घेणारी मी, पण आकडा आपल्या दारातला निघाला म्हणून डोळे मिटून मानला.

"कशाला केलंस हे?"

"तुजी मॅडमच बोलली ना, शिवल्या संपल्या तिथं वेचायला बंदी घालायची. मंग?"

"पण इथे वेचायला उरलंय काय?"

"नाय उरलं. म्हनून जायचं पन नाय? उद्या परत आल्या तर कोन बघनार, तुजी काठी?"

तिचा भयंकर राग आला. मी चिखल चाळला, तिच्या शिवल्या एकेक वेचून तिच्या पाटीत टाकल्या. बाकी चाळणीत काही उरलं नाही. मॅडम आल्यावर सांगितलं की ह्या चौकटीचे मागचे सगळे आकडे खोटे आहेत. ते कोणी खोटे केले हे त्यांनी दोनदा विचारलं, मी सांगितलं नाही. आणि वहीत शून्य लिहिलं.

काही महिन्यांनी खाडीच्या पायवाटेवर बंदीचा फलक लागला. आत्याने मला हाताला धरून तिथे नेलं आणि वाचायला लावलं. मी सगळा वाचून दाखवला.

"ह्यांना कोनी सांगितलं, इथं काय नाय म्हनून?"

मॅडमनी, अहवालाने, साहेबांनी, अशी बरीच उत्तरं तोंडाशी आली. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"मी," मी म्हणाले.