दूध डेअरीला, सून माझ्या खुर्चीत

दातांच्या दवाखान्यात किस्से साचतातच, कारण तोंड पेशंटचं उघडं असतं आणि बोलतं सोबत आलेलं माणूस! नव्वदच्या दशकात मी कोरेगावात दवाखाना चालवत होते. तेव्हाचं सांगितलं की लोक हसतात, माझं मात्र अजून डोकं फिरतं. बाविशीच्या पोरी दात काढून घ्यायला यायच्या आणि घरचे म्हणायचे, "पोर झालं की दात जायाचाच!" जायाचाच कसा? हिरड्यांतून रक्त येतं तरी कुणी दाखवायला आणत नाही, ताटात धड काही पडत नाही, म्हणून जातो!

*

एका बाईंचा मुलगा पाटीवरची पेन्सिल खायचा. निम्मे दात किडलेले. म्हटलं, "त्यापेक्षा तीळ द्या, नाचणी द्या."

"खाऊ द्या की! चुना असतोय त्यात."

"मग घरची भिंतच चाटू दे ना!"

बाई विचारात पडल्या. "आमची शेणानं सारवल्याली हाय वो."

*

पेरूची बाग असलेले एक तात्या. हिरड्या सुजलेल्या. "सी जीवनसत्त्व कमी पडतंय. पेरू खा."

"आवं, त्यो इकायचा माल हाय! तुमी सुई मारा."

"घरात कुणीच खात नाही?"

"खातुया की, किडका निघला तर!"

*

एक रिटायर्ड सुभेदार बायकोला घेऊन आले. स्वतःचे बत्तीस दात दाखवत म्हणाले, "फौजेत रोज दूध, अंडी, लिंबू!" बायकोचे अकरा उरले होते. मी भडकले, "आणि घरी हिला काय देता?"

तोंडात कापूस असूनही बाई म्हणाल्या, "आर्डर!"

*

आणि ही सुरेखा. सहावा महिना, दोन दात हलत होते. मी लिहून दिलं : रोज पेलाभर दूध, आवळा, कॅल्शियमच्या गोळ्या. तिची सासू म्हणाली, "दूध डेअरीला जातंय."

पंधरा दिवसांनी बघते तर हिरड्या तशाच. "गोळ्या घेतल्या का?"

सासूच बोलली. "म्हशीला चारल्या. लय खंगली व्हती."

मी ओरडलेच, "मग दात बघायला म्हशीलाच आणायचं होतं!"

"आवं, म्हशीला वरचं म्होरचं दात नसत्यातच!"

सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, माझं तरी ऱ्हातील का?" मी ब्रश कसा करायचा ते दाखवलं, माझ्याजवळच्या गोळ्या तिच्याच हातात दिल्या. पण दुधाचं काय करणार, कपाळ!

दोन महिन्यांनी दोघी परत आल्या. हिरड्या गुलाबी, दात घट्ट! मी थक्क झाले. सासू मात्र वैतागलेली.

"म्हशीचं कायतरी बिनसलंय, डाक्टरीनबाई. पेंड घालतुया, सरकी घालतुया, तरी रोज पेलाभर दूध कमीच. आता मीच धार काढीन म्हन्ते. सध्या हीच काढती."

सुरेखा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होती.

मी म्हटलं, "म्हशीला हात बदललेला चालत नाही, मावशी. बाळंत होईपर्यंत धार हिलाच काढू द्या!"