जांभळा दाणा

कासिमिरा विकायची त्या आपी नावाच्या गरम पेयाच्या भांड्याशेजारी एक पुठ्ठ्याची पाटी लटकलेली असे: ‘नाही म्हणजे नाही.’ नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, उधार मागू नये म्हणून लिहिलंय. तोही अर्थ तिला चालत होता.

पण पाटी होती सार्वमताची. राष्ट्राध्यक्षांना आणखी एकदा निवडणुकीला उभं राहू द्यायचं का, असं दोन वर्षांपूर्वी साऱ्या देशाला विचारलं होतं. देश थोडक्यात का होईना, ‘नाही’ म्हणाला. पुढं कोर्टानं सांगितलं, उभं राहणं हा त्यांचा हक्कच आहे. तेव्हापासून अख्खं बोलिव्हिया भांडत होतं, आणि ला पाझमधल्या एका चढत्या गल्लीच्या पायऱ्यांच्या तळाशी कासिमिरा आणि सेवेरो मास्तर भांडत होते.

मास्तर नाचाचे पोशाख शिवायचा. त्याचं दुकान तिच्या चुलीच्या बरोबर पाठीमागं. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. भांडतानासुद्धा दोघांचं ‘तुम्ही’ कधी सुटलं नाही.

“देशाला विचारलंत, देश नाही म्हणाला. मग कोर्टात कशाला गेलात?” जणू मास्तरच कोर्टात गेला होता.

“ऐन वेळी लोकांच्या कानात नाही नाही ते भरलं, कोमाद्रे. चुकून पडलेलं मत ते. पुन्हा विचारा की. विचारायला कसली भीती?”

“पोरगी नाही म्हणाली तर नाही. रोज तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, त्याला विचारणं म्हणत नाहीत.”

“तुमचं सोपं आहे. माझ्या गावात नळ कुणी आणला? माझ्यासारख्या तोंडाचा माणूस त्या खुर्चीत बसलेला माझ्या बापानं कधी पाहिला नव्हता.”

यावर कासिमिरा त्याच्या पेल्यात अर्धा डाव आपी वर घालायची. जांभळ्या मक्याची ती दाट, दालचिनीच्या वासाची आपी पिऊन मास्तर शिवायला बसायचा. मला विचाराल तर त्या दोघांचं भांडण हेच त्या कोपऱ्याचं खरं दुकान होतं.

त्या हिवाळ्यात फेरीवाले-दुकानदारांच्या संघटनेपुढं प्रश्न आला. वरच्या अंगाला नवी बाजार-इमारत झाली होती. दुकानं होती तिथंच राहणार होती, पण पायऱ्यांवरच्या पथाऱ्यांनी तिच्या दुसऱ्या मजल्यावर जायचं की नाही? कासिमिराचा जीव टांगणीला लागला. तिची गिऱ्हाइकं म्हणजे मिनीबसचे ड्रायव्हर. एका पेल्यासाठी कोण दोन जिने चढणार? आणि चूल हलू नये म्हणून तिच्या नवऱ्यानं, सेनोननं, तिथं एक चपटा दगड बसवला होता. सेनोन गेला, दगड राहिला.

मतदान टोपीत मक्याचे दाणे टाकून व्हायचं. दाणे अर्थातच कासिमिराचे. सचिवानं विचारलं, कुठला रंग कशाला? नव्या इमारतीला जांभळा रंग फासलेला होता, म्हणून तिनंच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “जांभळा म्हणजे वर जायचं, पांढरा म्हणजे इथंच.”

टोपी उपडी केली. अवघ्या तीन दाण्यांनी जांभळा जिंकला.

सभा पांगताना वाळके बटाटे विकणारी म्हातारी निकोलासा जवळ आली. “काळजी करू नको पोरी, मी जांभळाच टाकला. तुझ्या आपीचा. पांढरा कशाला टाकेन?”

मागच्या दोन म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. त्यांनीही आपीचाच दाणा टाकला होता.

मास्तरला आनंद मावेना. “बघा! मी दोन वर्षं काय सांगतोय? लोकं चुकतात. मी सभा बोलावतो. पुन्हा दाणे टाकू, तुम्ही सहज जिंकाल.”

कासिमिरानं पाटी काढून गोणीखाली सरकवली. ड्रायव्हरांनी विचारलं, “मावशी, पाटी कुठं गेली?” तर म्हणाली, वाऱ्यानं पडते सारखी. खोटं कशाला बोलू, तिला मोह झाला होता. चांगला दोन दिवस झाला होता.

सभेत मास्तर तावातावानं बोलला. अर्ध्याहून जास्त माना हलत होत्या. मग कासिमिरा उठली. तिच्या हातात ती पाटी होती.

“रंग मी ठरवले. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. निकोलासाबाईंना तेव्हा डुलकी लागली होती, तर ती डुलकीसुद्धा मतच. आज पुन्हा विचारलं तर मी जिंकेन, मला ठाऊक आहे. पण उद्या सकाळी ही पाटी कुठल्या तोंडानं लावू?”

“खड्ड्यात गेली पाटी, कोमाद्रे,” मास्तर म्हणाला. “तुम्ही गेल्यावर मी कुणाशी भांडू?”

ती खाली बसली. पुन्हा उठली नाही. सभा तिथंच मोडली.

दुसऱ्या मजल्यावरच्या पहिल्या सकाळी गिऱ्हाईक फिरकलं नाही. नव्या फरशीवर चूल डुगडुगत होती. पाटी तेवढी नीट लटकली होती. कासिमिराला वाटलं, आपण मूर्ख आहोत, आणि हे वाटलेलं खरंही असेल.

मग जिन्यात कुणाचं तरी धापा टाकणं ऐकू आलं. सेवेरो मास्तर दुखऱ्या गुडघ्यानं एकेक पायरी चढत होता, पोटाशी पोतं धरून. त्यानं ते खाली टेकवलं आणि उलगडलं. आत सेनोनचा दगड होता.

त्यानं तो चुलीखाली सरकवला. चूल स्थिर झाली.

“तरी मी म्हणतो, पुन्हा विचारायला हवं होतं.”

“हरलेल्या माणसानं इतकं बोलू नये, कोंपाद्रे.”

“हरलात तुम्ही एकदा. मी तर दोनदा हरलो, देशात आणि इथंही.”

कासिमिरानं पेला भरला, आणि वर अर्ध्याऐवजी अख्खा डाव ओतला. आपी काठावरून त्याच्या बोटांवर सांडली. चटका बसला तरी त्यानं पेला खाली ठेवला नाही.