अठराशे सेकंद

हॉस्पिटलात तिला सगळे बोर्डबाई म्हणत. ज्या टेलिफोन बोर्डावरून हे नाव पडलं तो भंगारात जाऊन तेवीस वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणिसाव्या वर्षी ती त्या बोर्डासमोरच्या स्टुलावर बसली आणि बारा वर्षं अख्ख्या हॉस्पिटलचे फोन जोडत राहिली. मग नवीन यंत्र आलं, बोर्ड गेला आणि तिला चौकशीच्या खिडकीत बसायचा हुकूम झाला.

"मी खिडकीत बसणार नाही," ती त्या वेळच्या अधिकाऱ्याला म्हणाली होती. "कुठल्या भिंतीतून कुठली तार जाते हे इथे माझ्याइतकं कुणाला माहीत असेल तर त्याला बसवा खिडकीत."

अधिकारी हसला. पण तार कुठून जाते हे खरोखरच दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे ती राहिली. पक्कड आली, शिडी आली, छतातली धूळ केसांत घेऊन घरी जाणं आलं. पुढे तारांच्या जागी वायरलेस आलं. मग इमारतीभर छताला एकशे चाळीस पांढरे डबे लागले आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारी एक चपटी पेटी तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये बसली. तिचं नाव कंट्रोलर. कुणाला आत घ्यायचं, किती वेळ ठेवायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे सगळं ती पेटी ठरवणार.

त्या पेटीशी बोलायची रीत म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. बोर्डबाईचं इंग्रजी बेताचं. तिने एका लांबोळक्या वहीत एकेक कमांड उतरवून घेतली, खाली आपल्या अक्षरात अर्थ लिहिला, आणि जसजसं काम केलं तसतशी प्रत्येक नेटवर्कची प्रत्येक सेटिंगही लिहून ठेवली. पाच-सहा वर्षांत ती त्या काळ्या पडद्यासमोर अशी बसायला लागली, जशा काही बायका स्वेटर विणायला बसतात. बोटं चालू आणि तोंडाने गप्पाही चालू.

मग नवीन साहेब आले. त्यांनी एका कंपनीकडून रंगीत पडद्याची व्यवस्था विकत घेतली. त्यावर इमारतीचा नकाशा दिसे आणि प्रत्येक डब्यावर हिरवा ठिपका. साहेबांनी लेखी आदेश काढला की यापुढे सगळं काम या पडद्यावरूनच होईल, काळ्या पडद्याला कुणी हात लावायचा नाही. बोर्डबाईने आदेश वाचला, पोच दिली आणि सर्व्हर रूमची किल्ली मात्र परत केली नाही. कुणी मागितली नव्हती.

हे झाल्यावर सात महिन्यांनी ती घटना घडली.

तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभाग होता. तिथल्या प्रत्येक नर्सकडे खिशात मावणारा एक हँडसेट असे. एखाद्या खाटेवरच्या पेशंटची प्राणवायूची पातळी घसरली की तिथला मॉनिटर वाजे आणि त्याच वेळी नर्सच्या हँडसेटवर इशारा येई. त्या दिवशी सकाळी पावणेबाराच्या सुमारास सातव्या खाटेवरच्या आजोबांचा प्राणवायू घसरला. त्यांची सिस्टर पलीकडच्या बंद खोलीत दुसऱ्या पेशंटची नळी बदलत होती. हँडसेट तिच्या खिशात होता, चालू होता, आणि गप्प होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून मॉनिटरचा आवाज ऐकून धावत आली, तिने दार बडवलं, तेव्हा कुठे सिस्टर पोचली. आजोबा वाचले, पण पुढचे सोळा दिवस त्यांना यंत्रावर काढावे लागले.

चौकशी बसली. कंपनीच्या माणसाने रंगीत पडदा दाखवला. तिसरा मजला त्या दिवशी हिरवागार, नेटवर्क ठणठणीत. मग राहिलं कोण? सिस्टर. हँडसेट बंद ठेवला असणार, असा निष्कर्ष निघाला आणि तिला निलंबनाची नोटीस मिळाली. अठरा वर्षांची नोकरी, आणि नोटीस दीड पानाची.

चौकशी अहवालाला एक कागद जोडायचा होता: नेटवर्कमध्ये दोष नव्हता. साहेबांनी तो बोर्डबाईसमोर ठेवला.

"इथे सही करा."

"तपासते आणि करते."

"तपासलंय. सगळं हिरवं आहे."

"हिरवं तुम्ही बघितलंत, साहेब. सही माझी मागताय."

साहेबांनी पेन उचलून तिच्या हातात दिलं. तिने ते कागदावर आडवं ठेवलं आणि उठली. "जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते," म्हणाली आणि जिन्याने खाली गेली.

सर्व्हर रूममध्ये पंख्यांचा घरघराट होता. तिने स्वेटर चढवला, केबल कंट्रोलरला लावली आणि काळा पडदा उघडला. आधी नेटवर्कची यादी मागवली. चार नेटवर्क होती. एक नंबर ऑफिसचं, दोन नंबर भेटायला येणाऱ्यांचं, तीन नंबर नर्सच्या हँडसेटचं आणि चार नंबर मॉनिटरचं. तिने तीन नंबरची सगळी माहिती मागितली. ओळींवर ओळी यायला लागल्या. पडदा भरला की स्पेसची पट्टी दाबायची, पुढचं पान यायचं. एकेक ओळ ती वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून बघत होती. नाव बरोबर. चॅनल बरोबर. पासवर्डची पद्धत बरोबर.

तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. सेशनची मुदत: अठराशे सेकंद.

वहीत लिहिलं होतं: शून्य. म्हणजे मुदत नाही.

तिने दोन नंबरचं नेटवर्क बघितलं. भेटायला येणाऱ्यांचं. तिथेही अठराशे, आणि तिथे ते बरोबरच होतं. पाहुण्याला दर अर्ध्या तासाने विचारलेलं बरं, की बाबा तू कोण. पण इथे नर्सनाही तेच चाललं होतं. दर अर्ध्या तासाला प्रत्येक हँडसेट नेटवर्कच्या दाराबाहेर, पुन्हा ओळख सांगा, पुन्हा आत या. नवा फोन हे डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो. पण हे हँडसेट जुने होते, त्यांना पुन्हा आत यायला वेळ लागे. तिने नोंदी ठेवणाऱ्या जुन्या संगणकावर सिस्टरच्या हँडसेटचा नंबर शोधला. अकरा बेचाळीस आणि नऊ सेकंदांनी बाहेर. अकरा बेचाळीस आणि एक्कावन्न सेकंदांनी आत. बेचाळीस सेकंद. आणि खाट नंबर सातचा इशारा निघाला होता अकरा बेचाळीस आणि वीस सेकंदांनी. तो एकदाच जातो. हँडसेट सापडला नाही तर पुन्हा जात नाही.

रंगीत पडदा दर दहा मिनिटांनी एकदा डोकावत होता. मधल्या बेचाळीस सेकंदांचा त्याला पत्ताच नव्हता.

"मेल्यांनो," ती पेट्यांना उद्देशून म्हणाली.

आता खरं म्हणजे तिने वर जायला हवं होतं. पण वर गेली असती तर कागद फिरायला तीन दिवस लागले असते, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक हँडसेट दर अर्ध्या तासाला आंधळा झाला असता. सगळ्या सेटिंगची एक प्रत तिने आधी वेगळी साठवली. मग फोन उचलून तिसऱ्या मजल्यावर लावला. सेटिंग बदलायची तर ते नेटवर्क क्षणभर बंद करावं लागतं.

"हेड सिस्टर, मी बोर्डबाई. मला तुमचे हँडसेट दोन मिनिटं बंद पाडायचेत. प्रत्येक खाटेपाशी एकेक जण उभी करा आणि मला सांगा."

"साहेबांची परवानगी?"

"नाही."

पलीकडे हेड सिस्टरने कुणाला तरी हाक मारली. मग आवाज आला, "थांबा, उभ्या करते."

सगळ्या खाटांपाशी माणूस उभं राहिल्याचा निरोप आला तेव्हा तिने तीन नंबर बंद केलं, मुदत शून्य केली, चालू केलं, साठवलं. हेड सिस्टरने एकेक हँडसेट वाजवून बघितला. सगळे वाजले.

ही सेटिंग बदलली कुणी, हे शोधायची गरजच उरली नव्हती; बदलाची तारीख बघताच तिला आठवलं होतं. रंगीत पडदा बसवला त्या दिवशी कंपनीने सगळ्या नेटवर्कना एकच तयार साचा लावला होता. काम ताब्यात घेतल्याच्या कागदावर दोन सह्या होत्या. एक साहेबांची. दुसरी तिची. त्या दिवशी ती रागात होती, काळ्या पडद्याला हात लावू नका म्हणतात तर मरू दे, असं म्हणून न बघता सही ठोकून मोकळी झाली होती.

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून तो जेवणाच्या टेबलावरच एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता.

"अहो, ऐकताय ना? माझीही सही आहे त्यावर."

"ऐकलं की. मग?"

"मग काय? उद्या सिस्टरला वाचवायला गेले तर मीच अडकते."

त्याने भिंग काढलं. "तीस वर्षं दुकान चालवतोय. येणारा प्रत्येक जण सांगतो, आपोआप बंद पडलं. माझ्या हातून पडलं, असं म्हणणारं एकही गिऱ्हाईक मी बघितलं नाही. एक तरी बघू दे की."

"तुम्हाला गंमत सुचतेय."

"गंमत नाही गं. मलाही कळतंय. चार वर्षं राहिलीयत तुझी नोकरीची." त्याने भिंग पुन्हा लावलं. "पण तू जाणारच आहेस. मला विचारायला थोडीच बसलीयेस?"

सही करण्याआधी समितीसमोर बोलायचंय, असं तिने साहेबांना कळवलं होतं; दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी समिती पुन्हा बसली. मध्ये हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, बाजूला साहेब, कंपनीचा माणूस आणि टेबलाच्या टोकाला सिस्टर, हात मांडीवर घट्ट धरून. बोर्डबाईने एक हँडसेट टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी काल दुपारी चूक दुरुस्त केली आहे," ती म्हणाली. "म्हणून आज सकाळी या खोलीपुरतं एक वेगळं नेटवर्क बनवलंय. सेटिंग त्या दिवशी होती तीच. हा हँडसेट त्यावर अकराला जोडला. आता साडेअकरापर्यंत कुणी उठायचं नाही."

"अर्धा तास?" साहेब उसळले. "आम्हाला दुसरी कामं नाहीत?"

"हिची अठरा वर्षं तुम्ही दीड पानात संपवलीत, साहेब. अर्धा तास बसा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसू या," त्या म्हणाल्या.

बसले. कंपनीच्या माणसाने बोलायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा बोर्डबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेअकराला हँडसेटवरच्या सिग्नलच्या रेघा गेल्या.

"पाठवा इशारा," ती कंपनीच्या माणसाला म्हणाली. त्याने आपल्या लॅपटॉपवरून चाचणीचा इशारा पाठवला. हँडसेट गप्प. सगळे त्याच्याकडे वाकून बघत होते. एक्केचाळीस सेकंदांनी रेघा परत आल्या. हँडसेट तरीही गप्पच.

"तुमच्या पडद्यावर आत्ता काय दिसतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कंपनीच्या माणसाने लॅपटॉप फिरवून दाखवला. हिरवा ठिपका.

सिस्टरने ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

साहेब सावरले. "आदेश असताना तुम्ही कंट्रोलरला हात लावलात. परवानगीशिवाय अतिदक्षतेचं नेटवर्क बंद केलंत. आणि या साच्याला मान्यता देणाऱ्या कागदावर सही कुणाची आहे? तुमची!"

"हो," बोर्डबाई म्हणाली. "माझी आणि तुमची. मी न वाचता केली, आणि त्याची मला लाज वाटते. माझं नाव अहवालात घाला. तुमचंही घाला, मग मी तुमच्या अहवालावर आनंदाने सही करते. पण हिचं नाव काढा. आत्ता, माझ्यासमोर."

सिस्टरची नोटीस त्याच दुपारी मागे घेतली गेली. अहवालात कंपनीच्या साच्याचा दोष आला, दोन्ही सह्यांचा उल्लेख आला. साहेबांना समज मिळाली ती तोंडी. बोर्डबाईला मिळाली लेखी, परवानगीशिवाय सेटिंग बदलल्याबद्दल, आणि एक वेतनवाढ थांबली. हा न्याय कुठला, असं सिस्टर तावातावाने विचारत फिरली. बोर्डबाईने समजेच्या कागदाखाली खुलाशासाठी सोडलेल्या जागेत लिहिलं: "सेटिंग बदलली हे खरं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बदलीन." तो कागद आजही तिच्या फाइलमध्ये आहे. काढून टाकायचा अर्ज करा, असं तिला दोनदा सुचवलं गेलं. तिने केला नाही.

आजोबा घरी गेले त्या दिवशी त्यांच्या मुलाने बोर्डबाईला गाठून खडसावलं. तिच्याही सहीमुळे बापाला सोळा दिवस नळ्या लागल्या, हे त्याला कळलं होतं. तिने ऐकून घेतलं. "खरं आहे तुमचं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

काळ्या पडद्यावरची बंदी कुणी उठवली नाही, फक्त त्या बंदीचं नाव घेणं थांबलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बोर्डबाई सर्व्हर रूममध्ये बसते आणि चारही नेटवर्कच्या सेटिंग मोठ्याने वाचते. शेजारच्या खुर्चीवर, अंगात जाड जाकीट घालून, तीच सिस्टर छापील यादीवर खुणा करत असते. नर्सचा तिथे काय संबंध, असं एकदा साहेबांनी दारातून विचारलं होतं.

"हँडसेट तिच्या खिशात असतो," बोर्डबाई मागे न वळता म्हणाली. "तिला कळायला नको, आत काय आहे ते?"

साहेब थोडा वेळ उंबरठ्यावर घुटमळले. "अजून किती वेळ लागेल?"

"दोन पानं राहिलीयत. दार लावून घ्या, थंडी बाहेर जातेय," ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.