बारा आणे दुखणं

सणसरहून बारामतीला नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा आई अशी रडली, जशी मी दुबईलाच चाललेय. अंतर किती, तर पप्पा रोज मोटारसायकलवर एमआयडीसीतल्या दूध प्लांटला जाऊन परत येतात तेवढं. त्यांच्याच मागे बसून गेले, मांडीवर गादीची वळकटी. होस्टेलच्या गेटवर पप्पा एवढंच म्हणाले, "हितं दवाखान्यात आपलीच माणसं येत्यात. त्यांच्यासंगं नीट बोलत जा." मी मनात हसले. आपल्या माणसांशी बोलायला मला कोण शिकवणार?

खरंच तसा तोरा होता. पुण्याहून आलेल्या श्रुतीला पेशंटचं निम्मं बोलणं कळायचं नाही. कुणी "पोटात कालवतंय" किंवा "अंगात कसकस हाय" म्हटलं की ती माझ्याकडे बघायची, आणि मी ऐटीत मराठीचं मराठीत भाषांतर करून द्यायची.

दुसऱ्या वर्षी सर्जिकल वॉर्डात इंदापूरकडचे एक तात्या पोटदुखीनं ॲडमिट होते. ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे डॉक्टर आमच्या तासातासाच्या नोंदी बघून ठरवणार होते. दुखणं दहापैकी किती, तो आकडा लिहायचा. मी विचारलं, "तात्या, आता कसं हाय?"

"बारा आणे हाय बग."

आमच्याकडे ताप उतरला की आई म्हणते, बारा आणे बरं हाय. म्हणजे रुपयातलं चारच आणे दुखणं राहिलं. मी खुशीत दोन लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळले. तात्यांनी पाय पोटाशी घेतले होते. ते मला दिसलं होतं, पण मी बघितलं नव्हतं.

माझ्या मागेच उभ्या असलेल्या श्रुतीला आणे-बिणे काही कळलं नाही, म्हणून तिनं पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक. ती धावत सिस्टरांकडे गेली. तात्या बारा आणे दुखतंय म्हणत होते! त्याच दुपारी ऑपरेशन झालं, आतडं फुटलं होतं. "अजून उशीर झाला असता तर," एवढं बोलून डॉक्टर थांबले. तात्या वाचले.

कॉलेजच्या मॅडमनी मला निर्णय कसा घ्यावा यावर असाइनमेंट लिहायला लावली. आधी विचारा, मग बघा, मग हात लावा, मग ठरवा. मार्क बरे पडले. पण मला अजूनही उमजत नाही, गावची भाषा येते म्हणून मी चुकले, की पुरती येत नाही म्हणून? डिस्चार्जच्या दिवशी तात्यांच्या बायकोनं माझे हात धरले. "पोरी, तू आपल्याकडची, म्हणून तर त्यांनी तुला सांगितलं," म्हणाल्या. खरं काय झालं ते सांगायचं होतं. त्याऐवजी मी गोळ्यांच्या वेळा समजावत बसले. त्याची लाज अजून वाटते.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचंही असं होतं का? गेल्या रविवारी सणसरला गेले होते. आई गुडघा धरून उठली आणि म्हणाली, "काय न्हाय गं, बरं हाय." पूर्वी तेवढं मला पुरलं असतं. आता मी खाली बसले आणि गुडघा दाबून बघायला लागले. आई हसली, मग हसायची थांबली.

"आईच्या बोलण्यावर बी इश्वास न्हाय व्हय गं आता?"

मी हात काढला नाही.