विमानाचा डावा पंख जाड झाला होता

आधीच सांगते, मी भूतप्रेत मानणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले टाक आणि अंगाऱ्याच्या पुड्या एका दुपारी स्वतःच्या हातांनी गोदावरीत सोडल्या, तेव्हापासून आमच्याकडे ताप आला की थेट डॉक्टर! त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना – अमावास्या, पांढरी साडी, उलटे पाय – मला हसूच फुटतं. पण एक प्रकार माझ्याबाबतीतही घडला... भर दिवसा, चार लोकांसमोर. त्यात ना बाई होती, ना साडी. विमान होतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकमध्ये मी एका शिवणवर्गात शिकवत होते, टेंपररी. दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की कायम करू' असं ऐकायचं आणि मान डोलवायची. एक दिवस आमच्या मोठ्या बाई, म्हणजे वर्गाच्या प्रमुख, म्हणाल्या, "विमान शिवाल का?"

मला वाटलं, बाईंना उन्हाचा त्रास झाला असेल.

पण खरंच होतं. गावाबाहेर धावपट्टीजवळच्या एका शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक शिकाऊ विमान पडून होतं. एकावर एक असे दोन्ही बाजूंना दोन-दोन पंख. ते एका संग्रहालयात जायचं होतं. त्याआधी ते एकदा तरी उडवायचंच, असा पण एका रिटायर्ड विंग कमांडर साहेबांनी केला होता. उडवणार तेच. आता अशा विमानांचे पंख पत्र्याचे नसतात हो! आत लाकडाच्या फासळ्या आणि वर कापड. उशीला अभ्रा घालतात तसा पंखाला अभ्रा चढवायचा, तोंड हाताने शिवून बंद करायचं, मग डोप नावाचं उग्र वासाचं रसायन फासायचं की कापड ताठ होतं. कापड परदेशातून मोजून मागवलेलं. चार अभ्रे झाले की चिंधीसुद्धा उरणार नव्हती. "हे काम नीट झालं तर तुमचं कायम झालंच समजा," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी टेप घेऊन गेले. शेडमध्ये बागलाणकडचे अहिरे मिस्त्री होते, सगळं लाकूडकाम त्यांचं. त्यांनी स्वतःच्या पोलादी टेपने माझं प्रत्येक माप पुन्हा घेतलं. दोघांचं जुळलं. साहेब सारखे बजावत होते, "जादा कापड अजिबात नको. विमानाला वजन चालत नाही."

मी 'हो हो' म्हटलं. पण आयुष्यभर ब्लाउज शिवलेला हात! लग्नात शिवलेला ब्लाउज बारशाला घालायचा असतो, म्हणून आत मार्जिन सोडायचं, हे माझ्या बोटांना कुणी सांगावं लागत नाही. चारही अभ्र्यांना मी दोन्ही कडांनी मार्जिन सोडलं आणि शिवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, राहू दे, आतलं कुणाला दिसतंय.

एप्रिलमध्ये अभ्रे घेऊन गेले. तीन पंखांना अगदी अंगासरशी बसले. चौथा, डावीकडचा खालचा... अर्ध्यावर जाऊन अडकला. ओढला, फिरवला, उलटा करून पाहिला. चार बोटं कमी!

"माप चुकलं तुमचं," साहेब म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, ते जास्त लागलं.

मी लगेच टेप काढली. पंखाचा घेर चार बोटं जास्त भरला. मिस्त्रींनी त्यांची टेप लावली. तेच! शेडला कुलूप, किल्ली साहेबांकडे, पंखाला कुणी हात लावलेला नाही. मिस्त्री पंखाभोवती एक चक्कर मारून माझ्या कानाशी आले.

"ताई, तुमनं माप चुकेल नही. मी सोता टेप धरेल व्हता. हाई विमानच जाडं व्हयनं!"

"दमट हवेने लाकूड फुगतं," साहेब म्हणाले.

"साहेब, एप्रिल चाललाय. ओठ फुटलेत माझे! आणि फुगायचं तर चारही फुगतील, एकच पंख कसा बाळसं धरेल?"

दुसऱ्या दिवशी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला लिंबू-मिरची टांगलेली दिसली. साहेबांनी ती काढायला लावली, मिस्त्रींनी ती काढून स्वतःच्या सायकलला बांधली.

मी खाली बसून मुकाट्याने शिलाई उसवली. आत दडलेलं मार्जिन बाहेर काढलं, पुन्हा शिवलं. अभ्रा असा बसला की साहेब त्यावर हात फिरवत राहिले. माझ्या मनात मात्र वेगळीच धास्ती. उसवलेल्या जागी सुईच्या जुन्या भोकांची रांग राहते. ब्लाउजला ती राहिली तर बाई कुरकुरते. इथे माणूस वर जाणार होता! मी साहेबांना ती रांग दाखवली, तिच्यावर कापडी पट्टी चिकटवून घेतली, तरी उड्डाणाच्या दिवशी सकाळी ती पट्टी मी पुन्हा दोनदा दाबून पाहिली.

विमान खोकत सुटलं, उडी मारून वर गेलं. मला विमान दिसतच नव्हतं, फक्त डावा खालचा पंख दिसत होता. शेतावर फुलं तोडणाऱ्या बायका हात हलवत होत्या आणि मी पदर दाताखाली धरून उभी. साहेब सुखरूप उतरले तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच रडले.

गर्दी पांगल्यावर मिस्त्रींनी सहज त्या पंखाला टेप लावली. मला हाक मारली. वर कापड, त्यावर डोपचे थर, म्हणजे माप वाढायला हवं... आलं अगदी सुरुवातीला घेतलं होतं तेच! आणि कापडावर एक सुरकुती नाही.

"डोपने कापड आकसतं," साहेब म्हणाले.

"आणि आतलं लाकूड?"

त्यावर त्यांनी टोपी काढून नुसतं डोकं खाजवलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "काम छान झालं. पण उसवाउसवी झाल्याचं वर कळलंय. 'माप घेताना माझी चूक झाली' एवढं लिहून द्या, विषय संपला. कायमची ऑर्डर तयारच आहे."

मी पेन उचललं. खरं सांगते, एक ओळ तर होती! पण हात चालेना. या हातांनी आजवर चुकीचं माप घेतलं नव्हतं.

"बाई, माप बरोबर होतं. विमान वाढलं होतं."

"अहो, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने असं बोलावं?"

तेवढ्यात दारात साहेब. ते आभाराचे पेढे घेऊन आले होते आणि सगळं ऐकत उभे होते. पेढे टेबलावर ठेवून म्हणाले, "यांचं माप बरोबर होतं. विमानच जाड झालं होतं. लिहून कोणी द्यायचं असेल तर मी देतो."

मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "पण साहेब, हे शक्य तरी आहे का?"

"ते मला विचारू नका. यांच्या शिलाईवर बसून मी वर जाऊन आलो, एवढंच मला माहीत आहे."

मी कायम झाले. पेढाही खाल्ला. बाकी, त्या पंखाला काय झालं होतं ते मलाही आजपर्यंत कळलेलं नाही.