रिकाम्या ऐरणीवर हातोडी

काकू यंदा श्रावणात गेली. भेटायला येणारे तोंड पाडून येतात, तिचा एखादा किस्सा निघतो आणि हसत परत जातात. त्यामुळं घरात सुतक असं नीट पाळलंच गेलं नाही. मीही रोज थोडं लिहितो आणि त्यातलं बरंचसं खोडतो. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरीपासूनच सुरुवात करावी लागते.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी काका वारला. सोलापुरात सात रस्त्यापासून थोडं आत त्याची लोहाराची भट्टी होती आणि तिच्यामागच्या खोलीत बिऱ्हाड. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात असल्यामुळं कॉलेजासाठी मी काकाकडंच राहायचो. काका सांडशीत लोखंड धरायचा आणि काकू समोर उभी राहून घण घालायची. आमच्यात हे नवल नव्हतं. सांडशी पुरुषाची, घण बाईचा. लोक काकाला कारागीर म्हणायचे. काकाही स्वतःला तेच म्हणायचा, बसल्याबसल्या.

काकाचे दिवस झाले आणि काकूचा भाऊ माढ्याहून तिला न्यायला आला. सामान बांधायला सुतळीसुद्धा घेऊन आला होता.

"आक्का, सांडशी धराया मानूस न्हाय. एकटी काय हवेत घण मारनार व्हय?"

काकूला जायचं नव्हतं. भावजयीच्या चुलीपुढं भाकरी थापायची, आणि तीही भावजयीला विचारून, हे तिच्या जिवावर आलं होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलो होतो.

"ह्यो धरंल सांडशी."

भावानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ह्यो? ह्याला पेन धरताना घाम येतोय की."

तेवढ्यात काकाचं जुनं गिऱ्हाईक, शेजारच्या गल्लीतला खाटीक, आपल्या सुरीची चौकशी करायला आला. मग त्याच्यासमोरच ठरलं: सुरी आज आम्ही दोघांनी करायची. त्यानं ती घेतली तर काकू सोलापुरात राहील. नाहीतर संध्याकाळच्या एस्टीनं माढा. खाटीक न्यायाधीशासारखा पायरीवर बसला.

ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत तापत होता तेवढ्या वेळात काकूनं मला सगळं शास्त्र सांगितलं. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडी. हातोडीनं लोखंडावर जिथं टिचकी मारायची, तिथंच समोरचा घण पडतो. थांबवायचं असलं की हातोडी लोखंडावर नाही, शेजारी रिकाम्या ऐरणीवर वाजवायची. तोंडानं काही बोलायचं नाही, कारण वर्षानुवर्षं घण मारून तिला कमीच ऐकू यायचं, आणि घणाच्या आवाजात तर बोलणं मुळीच नाही.

सुरुवात बरी झाली. लोखंड लांबलं, पसरलं, सुरीसारखं दिसायलाही लागलं. आता थांबवायला हवं होतं. मी हातोडी ऐरणीकडं नेली आणि मला आत्या आठवली. दहाव्याला आलेल्या या आत्यानं बजावून सांगितलं होतं की वर्ष होईपर्यंत रिकामी ऐरण वाजवू नका, गेलेला माणूस कामाला बोलावलं म्हणून परत येतो. अंधश्रद्धेविरुद्ध निबंध लिहून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं. पण निबंध लिहिताना समोर काकाची ऐरण नव्हती.

"काकू, पुरे," मी म्हणालो.

घण पडला.

"काकू, जरा थांबता का?"

पुन्हा पडला. एवढ्या अदबीनं केलेली विनंती त्या भट्टीत पूर्वी कुणी केली नसावी. टोक पसरत पसरत तळहाताएवढं झालं, मगच लोखंड काळं पडलं म्हणून ती थांबली.

खाटकानं ते उचलून पाहिलं. "ये सुरी नै भाभी. इससे तो आमलेट पलटाते."

"ऐरनीवर का न्हाय वाजवलंस रं?" काकूनं विचारलं. मी खाली मान घालून आत्याचं बोलणं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"खरं हाय त्ये," भाऊ गंभीर झाला. "वाजवू ने."

काकूनं घण खाली ठेवला. "कामाला बोलावल्यावर येनार? त्यो? जित्तेपनी हाका मारून घसा बसला माजा, तवा कुटं आला?"

सगळ्यांत आधी खाटीक हसला. "तोबा, तोबा," असं म्हणत गाल बडवत हसला. काकूनं माझ्या हातातली हातोडी ओढून घेतली आणि रिकाम्या ऐरणीवर दणादण वाजवली.

"अवो! काम हाय! ऐकलं का?"

आम्ही सगळ्यांनीच दाराकडं पाहिलं, भावानंसुद्धा.

"बघ. न्हाय आला," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसायला तिनं जरा जास्तच वेळ लावला.

दुसरा तुकडा तापला. मी टिचकी मारली की घण पडायचा; ऐरण वाजवली की थांबायचा. एवढ्या आयुष्यात वडीलधाऱ्या माणसानं माझं ऐकल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि मला तो लई आवडला. दोनदा तर मी उगीचच थांबवून पाहिलं. पाणी देताना मात्र घाबरून सुरी तिरकी बुडवली आणि तिला किंचित बाक आला. काकूनं धार लावून ती खाटकापुढं धरली.

त्यानं मनगटावरचे केस काढून पाहिले. "टेढी है."

"तुजी मुंडी तरी सरळ हाय का?"

"पर काटती है भाभी," त्यानं कबूल केलं आणि सुरी फडक्यात गुंडाळली. "अगले हफ्ते और एक देना. सीधी."

भाऊ हटला नाही. "आक्का, उद्या ह्याला नोकरी लागली की ह्यो जानार. मग?"

"जाऊ दे की. सांडशी धरनारं कुनीबी घावतं. घण मारनारी हितं हाय." तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. "जेव आन जा. गाडी चुकंल."

तो जेवायला बसला आणि तिनं पुढचा तुकडा भट्टीत घातला. टोल्यागणिक त्याच्या ताटातली आमटीची वाटी हलत होती. शेवटी त्यानं ती डाव्या हातानं घट्ट धरून ठेवली आणि मुकाट्यानं जेवण उरकलं.