बावन्न ग्रॅमचा चाकू आणि ईश्वरप्पा गुरुजी

लातुरात ईश्वरप्पा गुरुजींना ओळखणारी माणसं ढिगानं, आणि त्यातल्या निम्म्यांची त्यांनी एकदा तरी झडती घेतलेली. एकवीस वर्षं ते बोर्डाच्या परीक्षेला भरारी पथकात होते. जीप शाळेच्या फाटकात वळली की पोरं खिडकीतून कागद फेकायची. गुरुजी वर्गात शिरायचे, एकेकाच्या तोंडाकडं बघायचे आणि नेमक्या पोराला उभं करायचे. कॉलरच्या घडीतून, मोज्यातून, एकदा तर मोडलेल्या हाताच्या प्लास्टरमधून चिठ्ठी काढली या माणसानं! आता नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, पण पथक काही अंगातून उतरलं नाही. दूधवाल्यानं 'बरं आहे ना गुरुजी' म्हटलं, की आज हा इतकं गोड का बोलतोय म्हणून ते पातेल्यात बोट बुडवून बघायचे. त्यांची बायको प्रमोदिनीबाई कपाळाला हात लावायच्या आणि दूध तापवायला घ्यायच्या.

अशा माणसाच्या घरी लग्नाची मुलगी. मालविका, एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, आयटीआयमध्ये शिकवायला. आतापर्यंत अकरा स्थळं गुरुजींनी परतवून लावली होती. एकाचे डोळे फार मिचमिचायचे, एकानं वर्षात दोनदा मोबाईल नंबर बदललेला, एकात तर काहीच खोट सापडेना, म्हणूनच तो नको झाला. आता बोला! बारावं स्थळ शिवशंकर या त्यांच्या लांबच्या भाच्यानं आणलं. श्रीनाथ, नांदेडचा, तिथल्या आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवणारा, घरात तो आणि वडील सिद्रामप्पा, दोघंच. मंडळी बघून गेली आणि मालविका बापासमोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, मला हे पसंत आहेत. हे स्थळ मोडलंत तर मी पुन्हा कुणापुढं पोहे घेऊन यायची नाही. सांगून ठेवते."

गुरुजी नुसतं 'बघू' म्हणाले. कारण त्यांनी दोन गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. पोराच्या पँटीच्या उजव्या खिशाच्या काठावर एक काळी क्लिप होती. पेन कुणी तिथं लावतं का? आणि चहाचा कप घेताना बाही वर सरकली, तर डाव्या मनगटाच्या वर बोटभर रुंदीचा पट्टा साफ गुळगुळीत. बाकी हात केसाळ आणि तेवढ्याच जागी एक केस नाही! कसला रोग असेल? का सुया टोचून घेतो? गुरुजींना जेवण गोड लागेना.

आमच्याकडं मुलाची चौकशी करायची ती कटिंगच्या दुकानात आणि चहाच्या हॉटेलात. बायोडाटा काय, कुणीही छापतं. गुरुजींनी सकाळची एसटी धरली आणि नांदेड गाठलं. श्रीनाथच्या गल्लीतल्या कटिंगवाल्याकडं दाढीला बसले आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच हातावरच्या केसांचं विचारलं.

"डोक्याचे मी काढतो," कटिंगवाला म्हणाला. "हाताचे कोन काढतंय, मला काय ठाव? पर मानूस लई सरळ हाय बघा. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

इतका सरळ? गुरुजींचा संशय तिथंच दुप्पट झाला.

तिथून ते आयटीआयसमोरच्या हॉटेलात गेले आणि तोंडापुढं पेपर धरून बसले. मधल्या सुट्टीत श्रीनाथ आला, बरोबर सुदर्शन नावाचा सोबतीचा मास्तर. दोघं नेमके गुरुजींच्या पाठीमागच्या बाकावर बसले.

"फक्त बावन्न ग्रॅम, सुदर्शन! अंड्याएवढं वजन. क्लिपनं खिशाला अडकवला, की हाय का न्हाई कळतबी न्हाई," श्रीनाथ म्हणत होता. "आन् पोलाद कसलं, तर पावडरचं. आधी पोलादाची भुकटी करतेत, मग ती दाबून एकजीव करतेत. महिनाभर काहीबी काप, धार जागची हलत न्हाई. आता एका अंगठ्यानं कसा उघडतो बघ."

खट्ट आवाज झाला. गुरुजींचा पेपर हलला.

"पातं किती?" सुदर्शननं विचारलं.

"तीन इंचाच्या आत. उद्या कुणी धरलं तरी कायद्यात बसतंय."

"आन् धार कशी बघतो?"

"हातावर फिरवायचा. केस न वढता उतरले, की झालं. न्हाईतर पुन्हा दगडावर घ्यायचा. बायको आल्यावर काय म्हणंल देव जाणे, डावा हात पार भादरून ठेवलाय मी!"

दोघं हसले. श्रीनाथनं सुदर्शनच्या पार्सलची सुतळी कापली, पातं रुमालानं पुसलं, पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिलं. गुरुजींनी वळून त्याचा चेहरा बघितला असता तर तिथंच उलगडा झाला असता, नवी बैलजोडी घेतलेला माणूस बोलतो तसा तो बोलत होता. पण गुरुजींनी ऐकलं काय? चाकू, धार, आणि 'कुणी धरलं तरी'. निष्पाप माणूस धरलं जाण्याची भाषा कशाला करील?

"पोरगा चाकू बाळगतो," घरी येऊन त्यांनी जाहीर केलं.

"मग काय झालं?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "माझे सासरे जन्मभर कमरेला कोयता लावून हिंडले."

"ते शेतात जायचे. हा वर्गात जातो."

वाद मिटेना. मालविका तर जेवायचीच थांबली. शेवटी गुरुजींनी सुपारी फोडायचा दिवस ठरवू दिला, पण मनात वेगळंच होतं. सुपारी फुटायच्या आधी चार माणसांत चाकू बाहेर काढायचा, पोराची बोबडी वळली की झालं काम.

रविवारी मंडळी आली. बैठकीत सिद्रामप्पा, शिवशंकर आणि भावकीतली दोन म्हातारी माणसं. मधे ताटात सुपारी, हळदकुंकू, अडकित्ता. क्लिप खिशाला होती, गुरुजींनी दारातच बघून घेतली. मग श्रीनाथ हात धुवायला मागच्या बाजूला गेला आणि परत येऊन बसला. क्लिप गायब!

झालं. एकवीस वर्षांचं पथक खडबडून जागं झालं. हात धुवायचं, लघवीचं निमित्त करून जाऊन आलेला पोरगा म्हणजे माल हलवून आलेला पोरगा, हे गुरुजींना झोपेतही सांगता आलं असतं.

"उभे राहा," ते म्हणाले.

"मी?" श्रीनाथ गोंधळला.

"खिसे रिकामे करा."

कुणाला काही कळेना. श्रीनाथनं रुमाल काढला, गाडीची किल्ली काढली, बोटाएवढी टॉर्च काढली.

"मोजे."

श्रीनाथनं एकदा वडिलांकडं बघितलं, खाली बसला आणि मोजे काढून दिले. गुरुजींनी ते उलटे केले, झटकले. काही नाही.

"गुरुजी," सिद्रामप्पांनी टोपी उचलली, "माझं लेकरू चोर हाय का?"

तेवढ्यात मालविका आतून आली. एका हातात पेरूच्या फोडींची ताटली, दुसऱ्या हातात उघडा चाकू.

"हा शोधताय का अप्पा? आपली सुरी बोथट झालीय. आई पेरूशी झटापट करत होती, ते बघून ह्यांनी दिला."

तिनं ताटली ठेवली. अंगठ्यानं कळ दाबून, एका हातानं, न बघता पातं मिटलं आणि चाकू ताटलीशेजारी ठेवला. सिद्रामप्पा टोपी घालून उठले होते. अशा वेळीसुद्धा गुरुजींच्या नजरेनं आपलं काम केलंच. पहिल्यांदा हातात घेतलेला चाकू असा मिटत नाही.

"हे तुला कसं येतं?"

"आठ महिने झाले अप्पा," मालविका म्हणाली. "नांदेडला ट्रेनिंगला गेले होते, तेव्हाची ओळख. शिवशंकरदादाला स्थळ घेऊन मीच पाठवलं."

"पण तुझ्या फोनवर तर काहीच..."

"माझा फोन तुम्ही रोज बघता. मी आंघोळीला गेले की बघता. म्हणून मी देविकाच्या फोनवरून बोलायचे. माझ्याबरोबर शिकवते ती."

आठ महिने! प्लास्टरमधली चिठ्ठी काढणाऱ्या माणसाच्या घरात आठ महिने! गुरुजींना रागच आला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खरं मानलं असतं तुम्ही?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. 'मानलं असतं' एवढंच म्हणायचं होतं, ओठांवर आलंही होतं. हातात अजून पोराचा मोजा होता.

"नसतं मानलं," गुरुजी म्हणाले. त्यांनी मोजा सरळ केला, श्रीनाथपुढं धरला आणि सिद्रामप्पांना हात जोडले. "चुकलं माझं. पोरीवर राग काढू नका."

श्रीनाथ हलक्या आवाजात "बाबा, बसा" म्हणाला, तेव्हा सिद्रामप्पा बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"फोडा सुपारी," ते म्हणाले. मग मालविकेकडं वळले. "बाई, आमच्या घरी तुझ्या फोनला कुणी हात लावणार न्हाई. एवढं या चार माणसांसमोर सांगतो."

मालविका तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. बापाच्या घरात इतकं मोकळं रडताना गुरुजींनी तिला कधी बघितलं नव्हतं.